डिस्कवरची तारीख

लिनक्सची सीडी जुनी होत नाही, असं मी कितीतरी वर्षं ठामपणे मानत आले आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगत आले. आता मी तसं मानत नाही. हे मत एका दिवसात पालटलं नाही, ते हळूहळू सरकत गेलं. म्हणून कशाकशामुळे सरकलं ते नीट मांडावंसं वाटतं. विषय तसा तांत्रिकच आहे. लिनक्स बसवण्यासाठी आपण जी डिस्क किंवा आता जो पेनड्राइव्ह वापरतो, त्याची इमेज कधी काढायची, तिला कोणता आकडा द्यायचा आणि ती एकदा लोकांच्या हाती गेल्यावर पुन्हा नव्याने काढायची की नाही, एवढाच प्रश्न. पण कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये नोकरीची सगळी वर्षं काढलेल्या बाईला तो भरवशाचा प्रश्न वाटतो. जिच्यावर विसंबून आपण अख्खी लॅब उभी करतो, तिच्या पोटात नेमकं काय आहे, हे आपल्याला ठाऊक असतं का?

माझं आधीचं मत कुठून आलं, ते आधी सांगते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आणि पुढेही काही वर्षं आमच्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं डायल-अप. साडेसहाशे मेगाबाइटची इमेज त्यावरून उतरवायची कल्पनासुद्धा कुणी करत नसे. लिनक्स यायचं ते ‘पीसीक्वेस्ट’, ‘डिजिट’, ‘लिनक्स फॉर यू’ अशा मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडीवर, नाहीतर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. सीडी लॅबमध्ये पोचली की तिच्या प्रती निघायच्या, मग प्रतींच्या प्रती. पुढे कॅनोनिकल कंपनीने ‘शिपइट’ योजनेतून उबुंटूच्या सीडी जगभर टपालाने फुकट पाठवायला सुरुवात केली आणि २०११ पर्यंत ती योजना चालू ठेवली. त्या पाकिटांनी किती गावांत लिनक्स पोचवलं, याचं मोल मला आजही शब्दांत सांगता येत नाही. डेबियनचा ३.१चा संच तर डझनाहून जास्त सीडींचा होता. तो जमवला की पुढची दोन-तीन वर्षं तोच आमचा मिरर, म्हणजे पॅकेजेस उतरवायचा सर्व्हर, आणि तेच आमचं ग्रंथालय. नेट नसलेल्या त्या जगात डिस्क म्हणजेच सिस्टिम होती. मार्करने तिच्यावर आकडा लिहिला की काम झालं. तारीख लिहायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

या समजुतीला डेबियनच्या रिवाजाचा आधारही होता. तिथे स्थिर आवृत्ती निघाली की साधारण दर दोन महिन्यांनी तिची सुधारित खेप निघते. १२ नंतर १२.१, १२.२ अशी. हिला पॉइंट रिलीज म्हणतात. दर वेळच्या घोषणेत आवर्जून सांगितलेलं असतं की ही काही नवी आवृत्ती नाही, जुनी माध्यमं फेकून देण्याचं कारण नाही. त्यांवरून सिस्टिम बसवा आणि मग अद्ययावत मिररवरून पॅकेजेस नवी करून घ्या. मी याचा पूर्वार्ध उचलला आणि प्रमाण मानला. उत्तरार्धात जो मिरर आणि जे नेट गृहीत धरलेलं आहे, ते आमच्या लॅबमध्ये नव्हतं, तरीही पूर्वार्ध आमच्यासाठी तेवढाच खरा आहे असं मी धरून चालले होते.

त्याच मताची दुसरी बाजू अधिक कडक होती. आकडा एकदा दिला की दिला, असं मला वाटायचं. पुन्हा इमेज काढावी लागणं म्हणजे पहिल्यांदा घाई झाल्याची कबुली. म्हणून डेबियनचं ‘तयार होईल तेव्हा’ हे धोरण मला फार आवडायचं आणि उबुंटूचा दर सहा महिन्यांचा नेम मला दुकानदारीचा वाटायचा. उबुंटूचा आकडा म्हणजे सरळ वर्ष आणि महिना. ऑक्टोबर २००४मध्ये निघालेली पहिली आवृत्ती ४.१०. तारखेलाच आकडा म्हणायचं, यात मला वस्तूपेक्षा कॅलेंडरला जास्त मान दिल्यासारखं वाटे. २००६मध्ये त्यांनी आपली पहिली दीर्घकाळ आधाराची आवृत्ती सहा आठवडे पुढे ढकलली आणि ६.०४च्या जागी ६.०६ काढली. त्यांचा नेम चुकला एवढीच नोंद तेव्हा मी मनात केली. उशीर आकड्यातच उघडपणे लिहिला गेला, ही गोष्ट माझ्या लेखी कुठेच नव्हती.

मत सरकायला लागलं ते डेबियन ३.१ मुळे, म्हणजे ज्या आवृत्तीची मी भक्त होते तिच्यामुळेच. २००२च्या ३.० नंतर जवळजवळ तीन वर्षं वाट पाहायला लावून ६ जून २००५ रोजी ती आली. इन्स्टॉलर पूर्ण नव्याने लिहिलेला. आणि लगेच कळलं की सीडी-डीव्हीडीच्या इमेजमध्ये एक दोष राहिला आहे. इमेजवरच्या काही फाइल्समध्ये आवृत्तीची नोंद चुकली होती. त्यामुळे त्या डिस्कवरून नव्याने बसवलेल्या यंत्रावर सुरक्षा अपडेट कुठून आणायचे ती ओळ ‘स्टेबल’ऐवजी ‘टेस्टिंग’कडे बोट दाखवत होती, आणि वर तिच्यापुढे कॉमेंटची खूण असल्याने ती बंदच होती. यंत्र व्यवस्थित चालायचं, फक्त त्याला सुरक्षा अपडेट कधीच मिळाले नसते. नव्या इमेज तातडीने निघाल्या आणि त्यांना नाव दिलं ३.१ आर०ए. आर० म्हणजे शून्यावी खेप आणि तिच्यामागे ‘ए’ हे अक्षर.

ते अक्षर मला डागासारखं दिसलं होतं. पण पुढे लॅबमध्ये एकेका यंत्राशी झटताना त्याचा अर्थ माझ्यापुरता बदलत गेला. पॅकेजेसमध्ये एकही बदल नव्हता. मिररवरचं ३.१ आणि इमेजमधलं ३.१ एकच होतं. जुन्या आवृत्तीवरून अपडेट करून जो ३.१ वर आला, त्याला या दोषाचा स्पर्शही झाला नसता. दोष होता तो फक्त डिस्कमध्ये. म्हणजे आवृत्ती आणि त्या आवृत्तीची डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक निर्दोष असताना दुसरी सदोष असू शकते, एक जिवंत असताना दुसरी निरुपयोगी होऊ शकते. इतकी वर्षं मी दोघींना एकच समजत होते. ‘ए’ हे अक्षर त्या दुसऱ्या वस्तूला तिची स्वतंत्र ओळख देत होतं, जेणेकरून माझ्यासारखीला हातातली सीडी पाहून सांगता यावं की ही कोणती.

एकदा हे दिसलं की मग इतर गोष्टीही दिसायला लागतात. नेटवरून बसवण्याची छोटी इमेज घ्या. ती कर्नल स्वतःबरोबर आणते, पण त्याची मॉड्यूल्स मिररवरून मागवते. मधल्या काळात एखाद्या पॉइंट रिलीजमध्ये कर्नल बदलला, तर मिररवर आता नवी मॉड्यूल्स असतात आणि इमेजमधला कर्नल त्यांना ओळखत नाही. इन्स्टॉलर तिथेच थांबतो. इमेजची चेकसम जुळलेली असते, पेनड्राइव्ह धड असतो, आकडाही बरोबर असतो आणि तरी काम होत नाही, कारण इमेजच्या भोवतालचं जग पुढे गेलेलं असतं. आवृत्ती फार जुनी झाली की तिची पॅकेजेस नेहमीच्या मिररवरून उचलून संग्रहाच्या सर्व्हरवर नेतात. डिस्कमध्ये लिहिलेला पत्ता मग रिकामा पडतो. सुरक्षा अपडेटच्या याद्यांवर वैधतेची मुदत छापलेली असते. ती उलटली की त्या याद्या स्वीकारायला पॅकेज मॅनेजर नकार देतो. आणि लॅबमधल्या जुन्या यंत्राची मदरबोर्डवरची बॅटरी गेलेली असली, तर घड्याळ इतकं मागे पडतं की तेच यंत्र आजच्या ताज्या यादीलाही ‘अजून वैध झालेली नाही’ म्हणून परत पाठवतं. ही शेवटची गोष्ट पहिल्यांदा समोर आली तेव्हा मी आधी केबल बदलली, मग स्विच. घड्याळाकडे फार उशिरा पाहिलं.

सिक्युअर बूटने तर जुन्या डिस्कचा प्रश्न आणखी पुढे नेला. नव्या यंत्रांत फर्मवेअर आधी सही तपासतं. लिनक्सच्या बाजूने ती सही ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर असते आणि शिम पुढे ग्रब या बूटलोडरला आत घेतो. जुलै २०२०मध्ये ग्रबमधलं ‘बूटहोल’ नावाचं भगदाड उघड झालं. असं झालं की नुसता नवा ग्रब देऊन भागत नाही, जुन्या सदोष प्रतींवर बंदी घालावी लागते, कारण हल्लेखोर मुद्दाम जुनीच प्रत वापरणार. आणि जुन्या प्रतीवर बंदी आली की ती प्रत ज्या ज्या डिस्कवर आहे ती डिस्कही दाराबाहेर. डेबियनने १ ऑगस्ट २०२० रोजी १०.५ काढली ती हाच दुरुस्त ग्रब घेऊन. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या बूटलोडरवर अशीच बंदी आणली, तेव्हा दोन्ही सिस्टिम नांदणाऱ्या कितीतरी यंत्रांवर लिनक्स बूट होईना आणि जुने पेनड्राइव्हही सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश देऊन थांबू लागले. डिस्कवरचा एकही बाइट बदललेला नव्हता. काल चालणारी डिस्क आज चालत नव्हती. सीडी जुनी होत नाही, हे माझं वाक्य यापुढे टिकणं शक्यच नव्हतं.

गेल्या वर्षीचं पंचांग चुकीचं नसतं, ते गेल्या वर्षीचं असतं. इन्स्टॉलेशनच्या डिस्ककडे मी आता असं बघते.

पण जुनं होणं मान्य करणं वेगळं आणि पुन्हा इमेज काढण्याकडे आदराने बघणं वेगळं. तो दुसरा बदल माझ्यात झाला डिसेंबर २०२३मध्ये. डेबियन १२.३ ची तारीख ठरलेली होती, शनिवार ९ डिसेंबर. पॅकेजेस मिररवर जायला लागली होती. तेवढ्यात कळलं की तिच्यातल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचा गंभीर दोष आहे. नव्या कर्नलमधला एक बदल मागच्या मालिकेत आणताना तो ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होता, तो यायचा राहिला होता. परिणामी विशिष्ट प्रकारे लिहिताना फाइलमधला मजकूर बिघडू शकत होता. ईएक्सटी४ ही तर डेबियनचा इन्स्टॉलर आपणहून निवडतो ती फाइलसिस्टिम. म्हणजे त्या इमेजवरून बसवलेलं प्रत्येक यंत्र पहिल्या बूटपासून सदोष कर्नलवर चाललं असतं.

इमेज थांबवल्या गेल्या. लोकांना अपडेट करू नका असं जाहीरपणे सांगितलं गेलं. आणि दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, ६.१.६६ कर्नल घेऊन १२.४ आली. या क्रमातली जी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती अशी, की दुरुस्त केलेल्या संचाला १२.३ म्हणता आलं असतं. इमेज तर लोकांपर्यंत गेलीच नव्हती. पण मिररवर ‘१२.३’ या नावाने काही पॅकेजेस पोचलेली होती, कुणीतरी ती उतरवून घेतलेली असणार. एकाच आकड्याचे दोन अर्थ जगात राहू नयेत म्हणून तो आकडाच सोडून दिला. आज डेबियनच्या संग्रहात १२.२ नंतर एकदम १२.४ च्या इमेज दिसतात. पूर्वीच्या मला ती फट खटकली असती. आता विद्यार्थ्यांना डेबियनबद्दल काही दाखवायचं झालं तर मी आधी ती फट दाखवते.

आणि ही फट पहिली नव्हे. डेबियन १.० नावाची आवृत्ती कधी निघालीच नाही. १९९५च्या अखेरीला इन्फोमॅजिक या सीडी विकणाऱ्या कंपनीने आपल्या पाच सीडींच्या संचात डेबियनची अर्धवट, विकास चालू असलेली प्रत ‘१.०’ म्हणून घालून टाकली. ती धड बूट होण्याचीही खात्री नव्हती. ११ डिसेंबर १९९५ रोजी प्रकल्पाने आणि कंपनीने मिळून जाहीर केलं की हे खरं १.० नव्हे. डेबियनच्या ब्रूस पेरेन्स यांनी त्याचं कारण समजावून सांगितलं आणि पुढच्या आवृत्तीचा आकडा बदलून १.१ केला. जून १९९६मध्ये ‘बझ’ या नावाने ती आली. पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये होते, त्यामुळे ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्यांची नावं आवृत्त्यांना मिळाली आणि ती परंपरा ‘बुकवर्म’, ‘ट्रिक्सी’पर्यंत चालत आली. ही हकिकत मी पूर्वी मुलांना गंमत म्हणून सांगायचे. २०२३च्या डिसेंबरात ती पुन्हा आठवली तेव्हा लक्षात आलं की हा प्रकल्प पहिल्या आकड्यापासून एकाच नियमाने वागत आला आहे. लोकांच्या हाती चुकीच्या वस्तूवर जो आकडा गेला, तो पुन्हा वापरायचा नाही. स्वतःचा पहिला आकडा, ज्याची प्रत्येक प्रकल्पाला हौस असते, तोसुद्धा त्यांनी या नियमापायी सोडला.

उबुंटूबद्दलचा माझा आकसही असाच गळून पडला. डिसेंबर २०१७मध्ये १७.१० च्या इमेजमधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवो आणि इतर काही लॅपटॉपचं बायोस बिघडत असल्याचं आढळलं. सेटिंग जतनच होईनात. त्यांनी डेस्कटॉपची इमेज डाउनलोडवरून काढून घेतली आणि जानेवारी २०१८मध्ये १७.१०.१ काढली. नऊ महिन्यांच्या आयुष्याच्या आवृत्तीला अशी शेपटी ते एरवी लावत नाहीत. त्यांनी तीच फाइल त्याच नावाने बदलून ठेवली असती तर फारसं कुणाला कळलंही नसतं. कॅलेंडरच्या मागे धावणारे म्हणून ज्यांना मी नावं ठेवत होते, त्यांनी आपलं कॅलेंडर मोडून ते आकड्यात लिहून दाखवलं.

तारखेची किंमत मात्र मला खऱ्या अर्थाने पटली ती मार्च २०२४मध्ये. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरलेली आहे. त्या दिवशी जगभरच्या लॅब सांभाळणाऱ्यांसमोर एकच प्रश्न होता: माझ्या हातातल्या पेनड्राइव्हवर ती आहे का? आर्च लिनक्सचं उत्तर एका ओळीत मिळालं. आर्चला आवृत्तीचा आकडाच नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला इमेज निघते आणि तिचं नाव म्हणजे ती निघाल्याची तारीख. त्यांनी सांगितलं, २०२४.०३.०१ ची इमेज बाधित आहे. संपलं. लेबल वाचा आणि ती पुसून टाका. नुसत्या तारखेला आकडा म्हणणाऱ्या प्रकल्पांना मी अनेक वर्षं उथळ समजत होते, आणि त्या दिवशी सगळ्यात कमी शब्दांत सगळ्यात पूर्ण उत्तर त्यांच्याकडे होतं.

इतरांनी काय केलं तेही बघण्यासारखं होतं. उबुंटूने २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली आणि संशयाच्या काळात बांधलेली पॅकेजेस नव्याने बांधली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सदोष एक्सझेड पोचलंच नव्हतं, तरीही एप्रिलमध्ये ठरलेली १२.६ त्यांनी थांबवली. आधी तपास, मग इमेज. ती २९ जूनला निघाली. फेडोराने याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये तर दोष नेमका काय आहे हे कळायच्या आतच निर्णय घेतला होता. ओपनएसएसएलमध्ये अतिगंभीर दोष असून दुरुस्ती १ नोव्हेंबरला येणार, एवढंच जाहीर झालेलं. तेवढ्यावर त्यांनी फेडोरा ३७ मागे ठेवली. नंतर त्या दोषाची तीव्रता एका पायरीने कमी ठरली. घाबरून उशीर केला असं तेव्हा काही जण म्हणाले, पण मला तो निर्णय पटला. फेडोरा एकदा इमेज काढल्यावर तिची अधिकृत सुधारित खेप काढत नाही. सहा महिने लोक तीच इमेज उतरवत राहणार. पॅकेज उद्या बदलता येतं, लोकांच्या खिशात गेलेला पेनड्राइव्ह बदलता येत नाही.

या सगळ्याची किंमत कुणीतरी मोजतं, ते आता मला दिसतं. डेबियनचा पॉइंट रिलीज बहुतेकदा शनिवारी निघतो, कारण ही माणसं आठवडाभर दुसरीकडे नोकरी करतात. सकाळी पॅकेजेसचा संग्रह तयार होतो, मग इमेज बांधल्या जातात, आणि मग ठिकठिकाणचे स्वयंसेवक त्या खरोखरच्या यंत्रांवर बसवून बघतात. जुनं बायोस, नवं यूईएफआय, सिक्युअर बूट, कूटबद्ध डिस्क, ग्राफिकल इन्स्टॉलर, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी बोलून वाट दाखवणारा इन्स्टॉलरसुद्धा. सगळ्याला होकार आल्यावर सही होते आणि मग इमेज बाहेर पडते. केंब्रिजचे स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी हे काम वर्षानुवर्षं वाहिलं आहे. आपण एक दुवा दाबतो आणि फाइल येते, त्यामागे कुणाचा तरी सुट्टीचा दिवस गेलेला असतो. दर दोन महिन्यांनी असा दिवस देणारी माणसं घाई केल्याची कबुली देत नसतात, ती आपल्या वस्तूची जबाबदारी पुन्हा नव्याने घेत असतात.

माझ्या लॅबसारख्या जागांना याचा त्रास होत नाही असं मात्र नाही. आधी पंचवीस रुपयांच्या डीव्हीडीवर दोन वर्षं काढता यायची. आता दर खेपेला गिगाबाइटच्या हिशेबात उतरवायचं. यावर डेबियनकडे ‘जिगडो’ नावाचं जुनं आणि सुंदर साधन आहे. आधीची इमेज तुमच्याकडे असेल तर न बदललेली पॅकेजेस ते त्यातून घेतं, बदललेली तेवढी मिररवरून आणतं आणि दोन्ही जोडून बाइट न् बाइट बरोबर अशी नवी इमेज तयार करून देतं. माझ्या विद्यार्थ्यांत ते फार थोड्यांना माहीत असतं, कारण शहरातल्या फायबरवर त्याची गरजच भासत नाही. ज्यांच्याकडे नेट मोजून मिळतं, त्यांनी तरी ते जरूर शिकून घ्यावं, असं मी प्रत्येक तुकडीला सांगते.

काही बाबतींत माझं मत जिथे होतं तिथेच आहे. आकडा इतरांच्या बरोबरीने दिसावा म्हणून वाढवू नये, असं मला पूर्वीही वाटायचं. १९९९मध्ये स्लॅकवेअर ४ वरून एकदम ७ वर गेलं, कारण बाकीच्यांचे आकडे पुढे गेले होते आणि लोक पॅट्रिक फॉल्करडिंग यांना तुमचं जुनं का म्हणून विचारत होते. फॉल्करडिंग यांच्याविषयी मला नितांत आदर आहे आणि त्यांनी कारण लपवलं नाही, पण तो आकडा मला आजही पटत नाही. ओपनसुसेने १३.२ नंतर ४२.१ आणि मग ४२.३ वरून परत १५ असा प्रवास केला. लॅबच्या कपाटातल्या डिस्क आकड्याप्रमाणे लावल्या तर क्रमच उलटा होतो. आकड्याने निदान आधीचं कोण आणि नंतरचं कोण एवढं तरी सांगावं.

आणि जुनी डिस्क फेकून द्यावी असंही माझं म्हणणं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. आमच्यासारख्या कॉलेजांच्या मागच्या खोलीत अशी यंत्रं अजून आहेत आणि ती सरळ भंगारात घालवत नाही मला. त्यांच्यासाठी १२ ची शेवटची इमेज मी सांभाळून ठेवणार आहे. पण ती कोणत्या खेपेची आहे आणि तिचा आधार कधी संपतो, हे तिच्यावर लिहून.

इथे एका मराठी कामाचा उल्लेख करायलाच हवा. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून चालतो. २००९मध्ये आलेल्या ‘लेनी’ या आवृत्तीत मराठीची भर पडली. साध्या टेक्स्ट पडद्यावर देवनागरी नीट उमटत नसल्याने ती ग्राफिकल इन्स्टॉलरमध्येच मिळते. हे भाषांतर करणाऱ्यांनाही खेपांचं वेळापत्रक पाळावं लागतं. आवृत्तीच्या आधी इन्स्टॉलरमधला मजकूर गोठवतात, म्हणजे भाषांतरकारांच्या पायाखालची वाक्यं हलू नयेत. त्या मुदतीत जे पोचलं ते डिस्कवर येतं, बाकीचं बहुधा पुढच्या आवृत्तीला, म्हणजे साधारण दोन वर्षांनी. हे गोठवणं मला एके काळी नुसता कागदी नियम वाटायचा. इन्स्टॉलरचा पहिलाच पडदा मराठीत पाहून एका मुलीने ‘मॅडम, हे आपल्यात पण आहे?’ असं विचारलं, तेव्हापासून त्या मुदतीकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

एक मागणी मात्र माझी सगळ्याच प्रकल्पांकडे आहे आणि ती मी जमेल तिथे मांडत असते. इमेज बदलली की फाइलचं नाव बदललंच पाहिजे, मग बदल कितीही लहान असो. सहीही इमेजबरोबरच मिळाली पाहिजे. फेब्रुवारी २०१६मध्ये हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून १७.३ सिनॅमनचा दुवा चोरवाट घातलेल्या इमेजकडे वळवला होता. आकडा तोच आणि नावही तेच. ज्या पानावर दुवा असतो त्याच पानावरची चेकसम अशा वेळी कामाची नाही, कारण दुवा बदलणारा तीही बदलू शकतो. प्रकल्पाच्या किल्लीने केलेली सहीच काय ते सांगते. आमच्याकडे सही तपासल्याशिवाय पेनड्राइव्ह तयार करायचा नाही, असा नियम आता आहे. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, मग हात बसतो.

डेबियनच्या इमेजमध्ये तारीख नावात नसते, पण आत असते. डिस्क उघडली की ‘.डिस्क’ नावाचं एक फोल्डर दिसतं, त्यात ‘इन्फो’ नावाची छोटी फाइल. तिच्यात आवृत्तीचा आकडा, टोपणनाव, यंत्राचा प्रकार आणि सगळ्यात शेवटी ती इमेज कोणत्या दिवशी किती वाजता बांधली, ते लिहिलेलं असतं. नवा पेनड्राइव्ह तयार झाला की मुलांनी ती फाइल उघडायची, त्यातली तारीख आणि वेळ चिकटपट्टीवर लिहायची आणि पट्टी पेनड्राइव्हवर लावायची. पुढचा पॉइंट रिलीज आला की पट्टी काढायची, नवी इमेज घ्यायची, सही तपासायची आणि पुन्हा लिहायचं.